सगळे ब्राउझर क्रोमियमवरच चालत असतील तर बिघडलं काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की अंधेरीला एका कंपनीत फ्रंटएंडचं (वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बनवायचं) काम करतोस, टीममधले सगळे फक्त क्रोममध्ये बघतात आणि टास्क डन करून टाकतात, तू सफारी-फायरफॉक्सचा विषय काढलास तर मॅनेजर म्हणाला बाबा एज पण क्रोमियम (गुगलचा सगळ्यांसाठी खुला कोड, क्रोम त्यावरच बनतो), ब्रेव्ह पण क्रोमियम, ओपेरा पण क्रोमियम, मग बाकीच्यांसाठी वेळ कशाला घालवायचा, आणि उद्या एकच इंजिन राहिलं तर आपलंच काम हलकं होईल ना. तुला पटत नाहीये पण उत्तर सुचत नाहीये.

मॅनेजर निम्मा बरोबर आहे, हे आधी मान्य करून टाक. काम हलकं होईल, नक्की होईल. मी आयई ६ च्या (मायक्रोसॉफ्टचा जुना इंटरनेट एक्सप्लोरर) काळापासून या धंद्यात आहे, एकाच पानाचे तीन तीन सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारा कोड) लिहिलेत, कुठल्या ब्राउझरमध्ये डबल मार्जिन येतं आणि कुठे येत नाही यावर रात्री काढल्यात, त्यामुळे "एकच इंजिन" ऐकल्यावर माझ्या पण तोंडाला पाणी सुटतं. पण टेस्टिंगचा वेळ हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरी भानगड ही की वेब कसं चालावं हे ठरवताना "नाही" म्हणू शकणारं कोणी शिल्लक राहतं की नाही. आणि नाही म्हणायची ताकद स्वतःचं इंजिन असलेल्यालाच असते, बाकीच्यांना फक्त मत असतं.

आधी इंजिनं मोजू, कारण ब्राउझर आणि इंजिन यात भले भले गोंधळतात. प्ले स्टोअरवर ढीगभर ब्राउझर दिसतील, पण एचटीएमएल-सीएसएस वाचून स्क्रीनवर पान उभं करणारं आतलं यंत्र म्हणशील तर आज रोजच्या वापरात तीनच आहेत. गुगलचं ब्लिंक (क्रोमियमच्या आतलं ते हेच), ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. त्यातली पण दोन एकाच घरातली. केडीई नावाच्या ओपन सोर्स गटाने लिनक्ससाठी केएचटीएमएल लिहिलं होतं, ॲपलने ते उचलून वेबकिट बनवलं आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी आणला, त्याच वेबकिटवर गुगलने २००८ मध्ये क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली, ते ब्लिंक. गेको आलं नेटस्केप या नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरच्या घराण्यातून. ओपेराकडे स्वतःचं प्रेस्टो होतं, छान हलकं इंजिन, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टने आयई टाकून एजएचटीएमएल घेतलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी पण हात टेकले, जानेवारी २०२० ला क्रोमियमवाला एज आला. मायक्रोसॉफ्टकडे पैशाला काय तोटा होता? पण साइट्स क्रोमवर बघून बनवलेल्या, त्यामुळे एजमध्ये काही तुटलं की दोष एजचा, आणि रोज नवीन साइट तुटणार. तुमची टीम आज जे करतेय ना, "क्रोममध्ये चाललं, डन", त्यानेच ते इंजिन मेलं, दुसरं तिसरं काही नाही.

(जाता जाता, क्रोमची युजर एजंट स्ट्रिंग (ब्राउझर साइटला स्वतःची ओळख पाठवतो ती ओळ) कधी नीट वाचलीयस का? तो स्वतःची ओळख सांगताना आधी मोझिला म्हणतो, मग ॲपलवेबकिट, मग केएचटीएमएल लाइक गेको, मग कुठे क्रोम, आणि शेवटी परत सफारी. वीस-पंचवीस वर्षं साइटवाल्यांनी नाव विचारून आत सोडलं की नाही, त्याचा हा परिणाम. प्रत्येकाला आधीच्याचं नाव लावूनच आत शिरावं लागलं.)

आता "सगळे क्रोमियमच" हे मॅनेजरचं वाक्य मुळातच चुकीचं आहे, आणि तुला वाद जिंकायचा असेल तर इथूनच सुरू कर, कारण हे पैशाचं आहे. आयफोनवरचा क्रोम हा क्रोम नाहीये. ॲप स्टोअरचा नियमच आहे की वेब ब्राउझ करणाऱ्या ॲपने वेबकिट वापरायचं, त्यामुळे आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, एज घ्या, आत सगळीकडे सफारीचंच इंजिन. युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्ट लावून मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसऱ्या इंजिनाला परवानगी द्यायला लावली, पण आपल्याकडे तसं काही नाही. आणि मुंबईत क्लायंट कोण? बीकेसीत, लोअर परळला ज्या माणसाने तुमचं बिल पास करायचंय त्याच्या खिशात बहुतेक वेळा आयफोनच असतो. तो डेमोच्या आदल्या रात्री घरी बसून लिंक उघडणार, आणि तुमच्या कोडमध्ये कुठेतरी रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या कोडमध्ये) लुकबिहाइंड, म्हणजे आधी काय आलंय ते बघायची खूण, असेल तर सफारी १६.४ च्या आधीच्या फोनवर, म्हणजे मार्च २०२३ च्या आधीचं आयओएस असलेल्या, ती सगळी स्क्रिप्टच सिंटॅक्स एरर देऊन बसणार, पान पांढरं. नुसतं ते फीचर चालणार नाही असं नाही, त्या फाइलमधलं काहीच चालणार नाही. तसंच तारीख आणि वेळ मधे स्पेस देऊन जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला (तारीख वाचणाऱ्या कोडला) दिली, क्रोम गपचूप समजून घेतो, सफारीने कित्येक वर्षं इनव्हॅलिड डेट म्हणून परत पाठवलंय. शंभर व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनच्या उंचीचा पॉपअप दिला आणि खालचं "पेमेंट करा" बटण सफारीच्या पट्टीखाली गेलं, हे तर मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "आयफोनवर ऑर्डर येत नाहीयेत" म्हटलं की आधी तेच बघतो. त्यावर डीव्हीएच हे पट्टीचा हिशोब धरून उंची मोजणारं युनिट २०२२ पासून आहे, वापरा.

असो. हा झाला धंद्याचा भाग. तू विचारलंयस त्याच्या खालचा प्रश्न मोठा आहे.

आयई ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला. त्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पीसी आणला की त्यात एक्सपी टाकूनच मिळायचं, आणि एक्सपी म्हणजे तो निळा ई. नेटस्केप तोवर संपल्यात जमा होता. २००२-०३ च्या सुमाराला जगातले ९० टक्क्यांच्या वर लोक आयई वापरत होते. मग मायक्रोसॉफ्टने काय केलं? काहीच नाही. पुढचं व्हर्जन, आयई ७, ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये येऊन लोक पळायला लागले तेव्हा कुठे त्यांना जाग आली. अमेरिकेत १९९८ पासून केस चालू होती, जून २००० मध्ये जजने कंपनीचे दोन तुकडे करा असं सांगितलंही होतं, अपीलात ते उडालं, शेवटी तडजोड झाली. म्हणजे कोर्टाने जे झालं नाही ते दुसऱ्या इंजिनाने केलं.

पण त्या पाच वर्षांत जे बांधून ठेवलं गेलं ते पुढे कितीतरी वर्षं सुटलं नाही. आपल्याकडे एका सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं डोंगल लावून फॉर्म भरायचा तर आयईच लागायचं, ॲक्टिव्हएक्स कंट्रोल (आयईत चालणारा जोड प्रोग्राम) टाकायचं, सिक्युरिटी सेटिंग खाली आणायचं (हो, सही सुरक्षित करायला सिक्युरिटी कमी करायची), आणि फोर्टातल्या सीए लोकांनी त्यासाठी एक जुना पीसी कोपऱ्यात ठेवलेला असायचा ज्याला अपडेट करायला सक्त मनाई. दक्षिण कोरियात तर सगळा देश असा अडकला होता, त्यांनी स्वतःची सीड नावाची एन्क्रिप्शन पद्धत काढली, ती ब्राउझरात नव्हती म्हणून ॲक्टिव्हएक्समधून बसवली, आणि सगळ्या बँका आयईला चिकटल्या. मायक्रोसॉफ्टने आयई जून २०२२ मध्ये अधिकृतपणे बंद केला तरी एजमध्ये आयई मोड ठेवलाय, किमान २०२९ पर्यंत. २००१ च्या ब्राउझरचं ओझं २०२९ पर्यंत. हे लक्षात राहू दे, कारण एकाच इंजिनाची किंमत तेव्हा दिसत नाही, नंतर येते.

आता लोक म्हणतात क्रोमचं तसं नाही, तो दर चार आठवड्यांनी अपडेट होतो, पुढे पळतो, झोपत नाही. खरंय. क्रोमला शिव्या घालणं सोपं आहे पण प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, सँडबॉक्स (साइटला कॉम्प्युटरच्या बाकी भागापासून वेगळं कोंडणं), व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाचा वेग, आपोआप अपडेट, हे सगळं त्यांनी लोकांच्या अंगवळणी पाडलं. आयईची कोंडी फोडण्यात क्रोमचा वाटा फायरफॉक्सइतकाच मोठा आहे. म्हणून मी दोघांना एका माळेत ओवत नाही. आयईचा धोका होता थांबण्याचा. क्रोमचा धोका दिशेचा आहे. गाडी जोरात चाललीय, फक्त स्टिअरिंग एका जाहिरात कंपनीच्या हातात आहे.

थर्ड पार्टी कुकीचं घे, म्हणजे जाहिरातवाले साइटसाइटवर तुमचा माग काढायला वापरतात त्या खुणा. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीला वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात केली. गुगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत काढतो, मग पुढे, मग अजून पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये म्हणाले की राहू द्या. मधल्या काळात फ्लॉक नावाची सोय आणायला गेले, ब्राउझरनेच तुमची आवड ओळखून तुम्हाला गटात टाकायचं, त्याला मोझिलाने, ब्रेव्हने, विवाल्डीने नकार दिला, ते गुंडाळावं लागलं. जुलै २०२३ मध्ये वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी म्हणून प्रस्ताव आला, साइटने ब्राउझरला विचारायचं की तू खरा आहेस का, तुझ्यात काही फेरफार नाही ना, आणि तिसऱ्या कोणीतरी त्याची ग्वाही द्यायची. वरवर बॉट रोखायला, पण उद्या बँक म्हणेल आम्ही फक्त ग्वाही असलेल्यालाच आत घेतो, मग नवीन ब्राउझर काढणाऱ्याने काय करायचं? त्यावर एवढा आरडाओरडा झाला की नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतला. हे दोन्ही "नाही" म्हणणारे होते म्हणून थांबलं.

मग कोणी म्हणेल क्रोमियम ओपन सोर्स आहे, आवडलं नाही तर फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन आपला वेगळा चालवा. हे म्हणजे सोसायटीत १०० पैकी ७० फ्लॅट बिल्डरच्या स्वतःच्या नावावर आहेत, एजीएम अगदी नियमाने होते, नोटीस लागते, चहा-बिस्किटं येतात, सगळ्यांना बोलायला मिळतं, आणि ठराव बिल्डरला हवा तोच पास होतो, वर तुम्हाला सांगतात की पटत नसेल तर शेजारच्या प्लॉटवर स्वतःची बिल्डिंग बांधा की, प्लॅन फुकट देतो. क्रोमियममध्ये कोट्यवधी ओळींचा कोड आहे, त्यातली बहुतांश कामं गुगलचे लोक करतात. मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शनसाठीचे क्रोमचे नवीन नियम, बघ. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केली, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन २०२४-२५ मध्ये क्रोमवर बंद पडलं. ब्रेव्ह, विवाल्डी यांनी सांगितलं की जमेल तोवर जुनं चालू ठेवू. जमेल तोवर! कारण खालचा कोडच गुगलने काढून टाकला की तो प्रत्येक चार आठवड्यांनी परत शिवत बसायची माणसं या छोट्या कंपन्यांकडे नाहीत. फायरफॉक्सवर तेच युब्लॉक आजही आरामात चालतंय, कारण खालचं इंजिन त्यांचं स्वतःचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा किस्सा, आणि हा तरुण डेव्हलपरना सहसा माहीत नसतो. वेब एसक्यूएल नावाचा प्रकार होता, ब्राउझरच्या आतच डेटाबेस, क्वेरी लिहा, डेटा काढा. वापरायला मस्त होता. क्रोम, सफारी, ओपेरा, सगळ्यांनी घातला पण होता. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे स्टँडर्ड ठरवणारी संस्था) तो स्टँडर्ड करायचं काम थांबवलं. का? कारण सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस बसवला होता. स्टँडर्ड म्हणून मान्य व्हायचं तर दोन वेगवेगळ्या लोकांनी नुसता कागद वाचून, एकमेकांचा कोड न बघता ते बनवलं पाहिजे आणि दोघांचं उत्तर एकच आलं पाहिजे. इथे कागदाला अर्थच नव्हता, एसक्यूलाइट जे करेल तो नियम, त्यात बग असेल तर तो बगसुद्धा नियम. एका छोट्या एपीआयसाठी लोकांनी एवढी काळजी घेतली. आता तोच विचार सगळ्या वेबला लाव. ब्लिंक एकटं राहिलं तर सीएसएसचा स्पेक (लिखित नियम) हा ब्लिंकच्या कोडचं वर्णन होऊन बसेल. फ्लेक्सबॉक्समध्ये (सीएसएसची मांडणीची पद्धत) काही विचित्र झालं तर तू कोणाला म्हणणार की हे चुकतंय? कशाच्या तुलनेत चुकतंय? हे हवेतलं नाही बरं का, वेबकिटच्या काळात हे होऊन गेलंय. मोबाइल साइटवाल्यांनी सगळीकडे वेबकिट प्रीफिक्स (त्या एका इंजिनासाठीच असलेली सीएसएसची नावं) लावून ठेवले, शेवटी ओपेराने २०१२ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१६ मध्ये दुसऱ्याच्या नावाचे ते प्रीफिक्स आपल्या इंजिनात घेतले. तीन ओळींवर मजकूर कापायला आज पण तू वेबकिट लाइन क्लॅम्पच लिहितोस ना, फायरफॉक्ससाठी सुद्धा?

अजून एक उदाहरण, आपल्या देशातलं. जुलै २०१४ मध्ये गुगलला कळलं की एनआयसीच्या (सरकारी आयटी संस्था) सर्टिफिकेट यंत्रणेतून, म्हणजे साइट खरी असल्याची डिजिटल ग्वाही देणाऱ्या यंत्रणेतून, गुगलच्या डोमेनसाठी बनावट सर्टिफिकेट निघालीयत. आपल्या सीसीएचं (एनआयसीच्या वरचं सरकारी सर्टिफिकेट कार्यालय) रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवरचे आयई आणि क्रोम दोघंही त्यावर विश्वास ठेवणारे. फायरफॉक्सची यादी स्वतःची वेगळी, तिच्यात ते रूट नव्हतंच, त्यामुळे त्याला फरक पडला नाही. वेगळं असण्याचा फायदा म्हणजे हा, सगळे एकाच वेळी एकाच खड्ड्यात पडत नाहीत. याची उलट बाजू पण सांगतो म्हणजे तू भाबडेपणाने बोलणार नाहीस. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी इमेज वाचणाऱ्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही घाईघाईने पॅच काढावा लागला, कारण ती लायब्ररी दोघांकडे तीच. इंजिनं वेगळी असली तरी आतले बरेच पार्ट कॉमन आहेत.

आणि त्यातला एक कॉमन पार्ट आपल्या कामाचा आहे, तो म्हणजे हार्फबझ. अक्षरं जोडायचं काम ती लायब्ररी करते, क्रोममध्ये पण आणि फायरफॉक्समध्ये पण. आज तुझ्या फोनवर "दऱ्याखोऱ्या" नीट दिसतं, रफार जागेवर बसतो, त्याचं श्रेय तिला. पण इथवर यायला मराठीला काय काय करावं लागलं हे आठव (तुझं वय बघता आठवणार नाही, म्हणून सांगतो).

२००० च्या आसपास मराठी साइट म्हणजे प्रत्येकीचा स्वतःचा फॉन्ट. डाउनलोड करा, फॉन्ट फोल्डरमध्ये टाका, मग वाचा. ज्यांनी डायनॅमिक फॉन्ट लावला तो आयईचा वेगळा, नेटस्केपचा वेगळा. एक्सपीवर युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांची एकच सामाईक पद्धत) वाचायचं तर रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची आणि मग ते एक्सपीची सीडी मागणार, ती कोणाकडे असते? एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, ते सेटिंग झाल्यावर आयईमध्ये मराठी चांगलं दिसायचं, जुन्या फायरफॉक्समध्ये मजकूर जस्टिफाय केला की मात्रा-वेलांट्या विखरायच्या. म्हणजे नंबर एकवाला दर वेळी वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. पण पुढचं बघ. जुन्या फॉन्टांमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारं "पद्मा" एक्स्टेन्शन आलं ते फायरफॉक्सवर, तेव्हा तो किरकोळ टक्क्यांचा ब्राउझर होता. मग सुरुवातीचे अँड्रॉइड फोन आले, त्यात देवनागरीच्या जागी चौकोन नाहीतर तुटलेली जोडाक्षरं. तेव्हा काय करायचो? ओपेरा मिनी टाकायचा, ॲड्रेस बारमध्ये ओपेरा कोलन कॉन्फिग लिहायचं, सगळ्यात खाली जाऊन "यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" ला यस करायचं, की त्यांचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. लोकलमध्ये उभ्याने मराठी बातम्या अशा वाचलेल्या आहेत लोकांनी. नंतर २०१७ मध्ये जिओफोन आला, बटणांचा, त्यातलं कायओएस हे गेकोवर चालणारं, कोट्यवधी लोकांचा पहिला इंटरनेट तोच. पद्मापासूनचं यातलं प्रत्येक पाऊल मायक्रोसॉफ्ट-गुगलच्या ब्राउझरबाहेर पडलंय. मोठ्याला घाई नसते. मराठीची घाई तर नसतेच.

अजूनही सगळं झालंय असं समजू नकोस. युनिकोडच्या अक्षरतोडीच्या नियमात २०२३ च्या १५.१ पर्यंत जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं, "क्षमा"चं पहिलं अक्षर "क्" आणि "ष" वेगळा. आता नियम सुधारला, पण कर्सर कुठे थांबतो, बॅकस्पेसने किती पुसलं जातं, ड्रॉप कॅपमध्ये किती अक्षर मोठं होतं, हे इंजिनागणिक बघूनच घ्यावं लागतं. तसंच पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये (पानाची भाषा सांगणारी खूण) एचआय (हिंदी) न टाकता एमआर (मराठी) टाक, फॉन्टमध्ये सोय असेल तर "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात. कितीतरी मराठी साइट्स हिंदीचं टेम्प्लेट कॉपी करून एचआय तसंच ठेवतात, मला ते बघून चिडचिड होते.

पैशाचा विषय थोडक्यात, कारण तो ऐकून माणूस निराश होतो. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने गुगलला सर्चमध्ये बेकायदा मक्तेदार ठरवलं, त्यात बाहेर आलं की डीफॉल्ट सर्च राहण्यासाठी गुगलने २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर वाटले, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. मोझिलाच्या फायनान्सवाल्याने २०२५ मध्ये कोर्टात सांगितलं की कंपनीचं ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं ८५ टक्के गुगलकडून. म्हणजे तीन इंजिनांपैकी एक गुगलचं, दुसरं गुगलच्या पैशावर जगणारं, आणि तिसऱ्याला पण गुगलचाच हप्ता. सप्टेंबर २०२५ मध्ये जज म्हणाले क्रोम विकायची गरज नाही, एक्सक्लुझिव्ह करार करू नका, पैसे मात्र देऊ शकता. पैसे बंद केले असते तर गुगलच्या आधी मोझिला मेली असती, ही यातली गोम. आणि वेबकिट टिकून आहे ते ॲपलने आयफोनवर दुसऱ्याला येऊ दिलं नाही म्हणून, म्हणजे एक मक्तेदारी दुसरीला अडवून धरतेय. ॲपल काही संत नाही. पण उद्या भारतात आयफोनवर खरा क्रोम आला तर तुझा मॅनेजर सफारीचं नाव पण काढणार नाही, हे पण मला दिसतंय.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला, त्यात फोनबरोबर क्रोम गळ्यात मारण्याचा मुद्दा पण होता. सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा घेतली, मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहोला पहिलं, एक कोटीचं बक्षीस. चांगलं आहे, पण झोहोचा उला ब्राउझर क्रोमियमवर. जिओचा ब्राउझर क्रोमियमवर. बंगळुरूचा एपिक २०१० मध्ये फायरफॉक्सवर निघाला होता, २०१३ मध्ये तो पण क्रोमियमवर. मी यांना नावं ठेवत नाही, एक कोटीत इंजिन बनत नाही, इंजिनाच्या एका भागाची टीम पण वर्षभर पोसता येणार नाही. फक्त वरचं कव्हर बदललं की इंजिन बदलत नाही, एवढं समजून असावं. शून्यातून लिहायचा प्रयत्न म्हणशील तर सध्या लेडीबर्ड आहे, आणि मोझिलाने २०२० मध्ये सोडून दिलेलं सर्व्हो आता लिनक्स फाउंडेशनकडे आहे, इगालिया कंपनीचे लोक त्यावर काम करतायत. दोन्हीकडे नवीन माणसांना कोड लिहायला जागा आहे. हात शिवशिवत असतील तर रविवारी एखादा छोटा बग उचल, कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळेल.

आता मॅनेजरला काय सांगायचं. इंजिनांचा इतिहास अजिबात सांगू नकोस, तो जांभया देईल. प्लेराइट हे टेस्टिंगचं टूल टाका, फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचं आहे, क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्हीत तेच टेस्ट पळतात, एकदा पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) बसवलं की रोजचा वेळ जात नाही. त्यातलं वेबकिट म्हणजे तंतोतंत आयफोन नव्हे, म्हणून ऑफिसमध्ये एक जुना आयफोन ठेवायला लावा, लॉगिन, फॉर्म आणि पेमेंट एवढं रिलीजच्या आधी त्यावर हाताने बघायचं. नवीन फीचर वापरायच्या आधी एमडीएनवर (वेब डेव्हलपरांची संदर्भ साइट) बेसलाइनची, म्हणजे सगळ्या मोठ्या ब्राउझरात चालतं का याची, खूण बघायची सवय लावा, "वाइडली अव्हेलेबल" असेल तर बिनधास्त. आणि तू स्वतः डेव्हलपमेंट फायरफॉक्समध्ये कर, त्याचा ग्रिड इन्स्पेक्टर मला अजूनही क्रोमपेक्षा आवडतो, क्रोममध्ये बाकीची टीम बघतेच आहे.

तो ॲनालिटिक्स (साइटवर कोण येतं ते मोजणारं टूल) उघडून दाखवेल की फायरफॉक्सवाले दोन टक्के पण नाहीत. तेव्हा विचार की हा आकडा कुठून आला. फायरफॉक्स वापरणाऱ्यांत स्ट्रिक्ट मोड (माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं सेटिंग) किंवा युब्लॉक लावणारे भरपूर, त्यांच्याकडे तुमची ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट लोडच होत नाही, ते मोजलेच जात नाहीत. आणि ज्यांचं पान उघडलंच नाही ते तर क्रोम उघडून परत आले असणार, म्हणजे ते क्रोमच्या खात्यात पडले. सर्व्हरचे लॉग काढायला सांग, त्यात दोन्हीतला फरक दिसेल, आणि तो फरक घेऊनच पुढच्या मीटिंगला बस.